मामंजी, देवक आणि जेठा गड्डा

वाचकांचे प्रश्न

नात्यांच्या शब्दांविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन केल्यावर सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांत माणसांच्या बरोबरीनं झाडं, पिकं आणि नद्याही निघाल्या. त्यांची वेगळी वर्गवारी केलेली नाही. शेतातला जेठा आणि घरातला थोरला हे बोलणाऱ्याच्या तोंडी एकाच घरचे शब्द आहेत.

जत : लग्न होऊन मी पुण्याहून इकडे आले. इथे सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात. आमच्या दोन घरांत आधी काहीच नातं नव्हतं, मग या हाका कुठल्या? आणि मामाच्या मुलीशी लग्न कायद्यात बसतं का?

या हाका लग्नाच्या एका जुन्या रीतीतून आल्या. मुलगा मामाची मुलगी करायचा. आता त्या मुलीच्या बाजूनं बघा. नवऱ्याची आई ही तिच्या वडिलांची बहीण, म्हणजे जन्मापासूनची आत्या. आत्याच्या नवऱ्याला मराठीत मामाच म्हणतात. त्यामुळे लग्नानंतर हाक बदलायची गरजच पडत नसे. मुलाच्या बाजूनंही सासरा मामा आणि सासू मामी. पुढे नात्याबाहेर लग्नं होऊ लागली तरी हाका टिकल्या. ‘मामंजी’ आणि ‘आत्याबाई’ त्यातूनच आले. तुमच्या तालुक्यात तर याचा दाखला शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या वाड्यात सापडेल. कन्नडमध्ये ‘अत्ते’ म्हणजे आत्या, मामी आणि सासू तिन्ही. ‘माव’ म्हणजे मामा आणि सासरा दोन्ही. एक फरक मात्र लक्षात ठेवा. कन्नड मुलखात सख्ख्या मामानं भाची करण्याचीही रीत आहे. मराठी घरात मामा-भाची म्हणजे बाप-लेक, तिथे असा विषय सहसा निघत नाही.

भावंडांचे चार शब्द या रीतीशी घट्ट बांधलेले आहेत. चुलत म्हणजे दोन भावांची मुलं, मावस म्हणजे दोन बहिणींची. ही बहीण-भावंडंच, लग्न वर्ज्य. आते आणि मामे म्हणजे एका भावाची आणि एका बहिणीची मुलं. तिथे वाट मोकळी, पण तीही एकाच दिशेनं. मुलानं मामाची मुलगी केलेली चालते. आत्याची मुलगी सून म्हणून आणायला अनेक घरं नको म्हणतात. याला ‘परतवेल’ म्हणतात. घरातून दिलेली लेक ही वेल; ती दुसऱ्याच्या मांडवावर वाढावी, फिरून आपल्याच मांडवावर येऊ नये. इंग्रजीतल्या ‘कझिन’ या एका शब्दात हे चारही कोंबले की सगळी माहिती पुसली जाते, आणि हल्ली आपल्या घरांतही तेच चाललंय. मुलांना निदान ‘आतेभाऊ’ आणि ‘मामेभाऊ’ वेगळं म्हणायला लावा.

‘मेहुणा’ हा शब्दही असाच बोलका आहे. तो बायकोच्या भावाला लागतो आणि बहिणीच्या नवऱ्यालाही. साटंलोटं झालं, म्हणजे याची बहीण त्याला आणि त्याची बहीण याला दिली, की दोन्ही नाती एकाच माणसावर येतात. बोलताना बहिणीच्या नवऱ्याला तुमच्याकडे ‘दाजी’ म्हणतील, ते वेगळं.

आता कायदा. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार स्वतःला पहिली पिढी धरून वर मोजायचं. आईकडून तिसऱ्या पिढीपर्यंत आणि वडिलांकडून पाचव्या पिढीपर्यंत सपिंड, म्हणजे लग्नाला वर्ज्य असं जवळचं रक्ताचं, नातं धरतात. मुलगा १, त्याची आई २, आईचे वडील ३. मुलगी १, तिचे वडील २, आजोबा ३. दोघांचा आजोबा एकच, म्हणून दोघं सपिंड. शिवाय भाऊ-बहिणीची मुलं ही निषिद्ध नात्यांच्या यादीतही आहेत. तरीही कलम ५ मध्ये सवलत आहे : दोघांनाही लागू असलेल्या रूढीत असं लग्न चालत असेल तर ते वैध. ‘दोघांनाही’ हा शब्द महत्त्वाचा. एकाच्या समाजात रीत आहे आणि दुसऱ्याच्या नाही, असं असेल तर सवलत मिळत नाही. वाद झाला तर रूढी जुनी आणि अखंड पाळलेली आहे, हे सिद्ध करावं लागतं.

सख्ख्या आते-मामे भावंडांची जनुकं सरासरी आठव्या हिश्शानं सारखी असतात. घरात जन्मतः बहिरेपणा, थॅलेसेमिया असा काही आजार असेल तर दोघांत दडलेला तोच दोष मुलात एकत्र येण्याची शक्यता वाढते. अशा घरांनी लग्नाआधी तपासणी आणि जनुकीय सल्ला घेतलाच पाहिजे.

खटाव : वडील वारले. वारस नोंदीसाठी वंशावळ लिहायची आहे. भावकीत ‘चुलत’ कुणाला म्हणायचं यावरूनच एकमत होत नाही.

सामाईक पूर्वज शोधा, शब्द आपोआप ठरतो. दोघांचा आजा एक, तर सख्खे चुलत. वडिलांचा चुलत भाऊ तो तुमचा चुलत चुलता. त्याचा मुलगा आणि तुम्ही चुलत-चुलत, आणि तुमचा पणजा एक. त्याच्याही वर गेलं की नुसती ‘भावकी’ म्हणायची पद्धत आहे. वर जाताना बाप, आजा, पणजा, खापरपणजा. खाली येताना मुलगा, नातू, पणतू, खापरपणतू.

कागदावर मात्र नात्याच्या शब्दावर विसंबू नका. तक्ता काढा. ज्या पूर्वजाच्या नावावरून जमीन आली त्याचं पूर्ण नाव सगळ्यात वर, खाली त्याची मुलं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत डावीकडून उजवीकडे, प्रत्येकाखाली त्याची शाखा. मयताच्या नावापुढे ‘मयत’ आणि तारीख. निपुत्रिक वारलेल्यांचंही नाव ठेवा, नाहीतर पुढे कुणीतरी त्या शाखेचा वारस म्हणून उभा राहतो.

तीन चुका सर्रास होतात. पहिली, लेकी गाळल्या जातात. लग्न झालेली लेकही पहिल्या वर्गातली वारस आहे. तिचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहा. दुसरी, मयताची आई राहून जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई मुलगा-मुलगी-विधवेच्या बरोबरीनं पहिल्या वर्गात आहे. वडील दुसऱ्या वर्गात. आजी हयात असेल तर तिचं नाव लागलंच पाहिजे. तिसरी, हाकेची नावं. घरात सगळे ‘तात्या’, ‘आबा’, ‘नाना’ म्हणतात, उताऱ्यावर चौथंच नाव असतं. जुन्या सातबाऱ्यावर आणि फेरफारावर जे नाव आहे तेच लिहा आणि शेजारी ‘ऊर्फ’ टाका.

अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, ८-अ चा खातेउतारा आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. आधी वारस नोंदवहीत (नमुना ६-क) नोंद होते, मग फेरफार, हितसंबंधीयांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

पाटण : आमचं देवक कळंब आहे. मुलाच्या लग्नासाठी रोपवाटिकेतून कदंबाचं रोप आणलं, तर चुलते म्हणाले हे आपलं झाड नव्हे. बरोबर कोण?

तुमचे चुलते बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. कदंब आणि कळंब ही नावं एकमेकांत मिसळतात, पण झाडं दोन आहेत. रोपवाटिकेत आणि रस्त्याकडेला दिसतो तो कदंब : पान वीतभर किंवा त्याहून मोठं, आणि फुलांचा गेंद लिंबाएवढा, नारिंगी-पिवळा, बाहेर पांढऱ्या सुया निघालेला. डोंगरउतारावरच्या रानातला कळंब वेगळा : पान लहान आणि गोलसर, गेंद बोराएवढा, फिकट पिवळसर. जुन्या घरांत देवकाला आणतात तो बहुतेक दुसरा. खात्री करायची तर गेल्या लग्नात डहाळी कुठल्या झाडाची आणली होती ते झाड भावकीतल्या वडीलधाऱ्याला दाखवायला सांगा. नावावर जाऊ नका, झाडावर जा.

देवक म्हणजे कुळाशी नातं असलेली वस्तू. बहुतेक वेळा झाड किंवा वेल, कधी पीस, कधी हत्यार. काही घराण्यांत ते आडनावाशी जुळतं, कदमांचं कळंब आणि मोऱ्यांचं मोरपीस. पण आडनावावरून देवक ठरवणं चूक आहे. एकाच आडनावाची दोन गावं वेगळं देवक सांगतात, आणि लग्न जमवताना विचारतात ते देवकच. देवक एक निघालं तर दोन्ही घरं भाऊ ठरतात आणि सोयरीक थांबते. झाडाशी असलेल्या नात्यानं माणसांचं नातं ठरतं, असं हे एकच ठिकाण आपल्या रिवाजात उरलंय. म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं. ज्याचं देवक आहे त्या घरानं ते झाड तोडायचं नाही, सरपणाला जाळायचं नाही, त्याच्या पानावर जेवायचं नाही. लग्नात लागते ती डहाळी, झाड नव्हे.

ज्यांचं देवक पंचपल्लव, म्हणजे पाचपालवी, ते सहसा आंबा, उंबर, जांभूळ, शमी आणि रुई घेतात. एखादं पान घरागणिक बदलतं. इथे दोन गोष्टी बिघडतात. शमी म्हणून वेड्या बाभळीची डहाळी आणली जाते, कारण ती बांधावर हाताशी असते. काटे बघा. वेड्या बाभळीचे काटे लांब आणि पानाच्या बेचक्यात जोडीनं. शमीचे (तिलाच सौंदड म्हणतात) आखूड, बुडाशी रुंद आणि दोन पानांच्या मधल्या जागेत विखुरलेले. दुसरं, रुई. तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळा लाल होऊन नजर धूसर होते. डहाळी मोडून चीक ओघळू द्या, हात धुवा, आणि हे काम लहान पोरांकडे देऊ नका.

कोरेगाव : शाळेच्या कुंपणावर तुकोबांची वृक्षवल्लीची ओळ रंगवायची आहे. ‘सोयरे’ लिहायचं की ‘सोयरी’? आणि सोयरे म्हणजे नेमकं कोण, सगे का नाही?

‘सोयरीं’ लिहा, अनुस्वारासकट. वृक्ष पुल्लिंगी, वल्ली स्त्रीलिंगी. दोन्ही एकत्र आले की मराठी नपुंसकलिंगी अनेकवचन घेते. आई आणि बाबा दोघं ‘आली’, तसंच हे. ‘सोयरे’ रंगवलेल्या पाट्या जिल्हाभर दिसतात. तिथे फक्त पुरुष उरतात आणि वेली गळून पडतात.

सगा म्हणजे रक्ताचा, सोयरा म्हणजे लग्नानं झालेला. सगा निवडता येत नाही. सोयरीक दोन घरं बोलणी करून, पानसुपारी देऊन जोडतात, आणि त्यानंतर देणंघेणं, सणवार, अडीअडचणीला धावून जाणं हे सगळं येतं. झाडांना सोयरी म्हणताना हा सगळा व्यवहार त्या शब्दात येतो. मुलांना अर्थ सांगताना ‘मित्र’ सांगू नका. ‘ज्यांच्याशी घरोबा जोडलाय आणि जो निभवायचा आहे ते’, असं सांगा. २६ जानेवारी २०२४ च्या आरक्षणविषयक मसुदा अधिसूचनेपासून ‘सगेसोयरे’ हा शब्द पोरांच्याही कानावर आहे, तेव्हा दोन भाग वेगळे करून सांगायला हीच वेळ चांगली.

मिरज तालुका : हळदीच्या बेण्याला कृषी पुस्तिकेत ‘मातृकंद’ लिहिलंय, आम्ही ‘जेठा गड्डा’ म्हणतो. आई की थोरला, खरं काय? आणि ओटीतलं लेकुरवाळं हळकुंड म्हणजे कुठलं?

काढणीच्या वेळी एक गड्डा हातात घ्या आणि मोडू नका. अगदी तळाशी काळपट, सुरकुतलेला, हलका तुकडा लागलेला असेल. तो गेल्या हंगामात लावलेलं बेणं, सोरा गड्डा. त्याच्यातून जो पहिला कोंब वर आला त्याचं बूड जाड झालं, तो जेठा गड्डा. जेठ्याच्या कुशीला पुढे आलेले फुटवे ते बगल गड्डे. आणि या सगळ्यांच्या अंगाला बोटांसारखी फुटलेली ती हळकुंडं. सोऱ्याच्या बाजूनं बघितलं तर तो पहिलटकराचा थोरला, म्हणून जेठा. हळकुंडाच्या बाजूनं बघितलं तर तीच आई, म्हणून मातृकंद. पुस्तिका हळकुंडाकडून बघते, तुम्ही सोऱ्याकडून. दोन्ही शब्द बरोबर आहेत. आम्हांला मात्र ‘जेठा’ जास्त नेमका वाटतो, कारण तो क्रम सांगतो, आणि बेणं निवडताना कामाचा असतो तो क्रम.

बेण्याला जेठाच का, तेही याच क्रमात आहे. तो आधी तयार झाला, त्याच्यात साठा जास्त, डोळे जोमदार. ५० ग्रॅमच्या वरचा, भरीव, मुळ्या साफ केलेला, डोळे फुगलेला गड्डा घ्यावा. एकरी साधारण दहा क्विंटल लागतात. जेठे कमी पडले तर बगल गड्डे, आणि अगदीच नसले तर मोठी हळकुंडं. फेब्रुवारी-मार्चात काढलेलं बेणं मे महिन्यातल्या लागणीपर्यंत झाडाच्या सावलीत ढीग करून वरून हळदीचा पाला घालून ठेवतात. उन्हात राहिलं तर डोळे सुकतात, कोंडलं तर कुजतं.

इथे ‘आई’ हा शब्द एका बाबतीत फसवतो. हळदीत बी धरत नाही. सोरा, जेठा, हळकुंड ही तीन पिढ्यांची माणसं नव्हेत, एकच अंग वाढत गेलेलं आहे. म्हणून सोऱ्यात कंदकुज होती तर ती जेठ्यात येते आणि तुमच्या पुढच्या लागणीतही. बेण्याचा प्लॉट काढणीला नव्हे, उभ्या पिकात निवडा. पिवळी पडलेली झाडं तेव्हाच खूण करून बाजूला काढा. एकदा पाला कापला की आजारी आणि निरोगी ओळखू येत नाहीत.

लेकुरवाळं हळकुंड म्हणजे ज्याच्या अंगाला बारीक हळकुंडं अजून चिकटलेली आहेत ते. ओटीत आणि लग्नाच्या हळदीत तेच मागतात. बाजारात मिळत नाही अशी तक्रार असते, आणि त्याचं कारण पॉलिशचा ड्रम. हळद शिजवून वाळवली की ती ड्रममध्ये फिरवतात, तिथे सगळी लेकरं मोडून पडतात. घरात लग्न असेल तर हळद वाळल्यावर, ड्रममध्ये टाकण्याआधी पाच-सात वेचून ठेवा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ही वेचणी अजून घरच्या बायकाच करतात.

कराड : उसातला जेठा कोंब मोडायचा म्हणतात. थोरल्यालाच का?

टिपरीच्या डोळ्यातून पहिला येतो तो जेठा. तो उंच जातो आणि बाकीच्या फुटव्यांचं अन्न ओढतो. दीड महिन्याच्या आसपास बाजूचे फुटवे दिसू लागले की तो जमिनीलगत काढतात. मग फुटवे एका वयाचे, एका जाडीचे येतात. फुटवे दिसायच्या आधी घाई केली किंवा रानात ओल नसताना मोडला तर बेटच बसतं. तोडणीनंतर त्याच बुडख्यातून येणारं पीक खोडवा, त्याच्यानंतरचं निडवा. खोडव्याला बुडखे जमिनीबरोबर छाटा. वर ठेवले तर वरचे डोळे फुटतात आणि त्यांची मुळं मातीत उतरत नाहीत.

शिराळा : नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास धरतात. भाऊ म्हणजे नाग की सख्खा भाऊ?

दोन्ही. नागाला भाऊ मानून उपवास धरतात आणि मागणं सख्ख्या भावाच्या आयुष्याचं असतं. पूजा मातीच्या नागाची करा. जिवंत नागाला दूध पाजू नका. ते त्याचं अन्न नव्हे आणि त्याला पचत नाही. परवानगीशिवाय नाग पकडणं आणि जवळ ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

वाई : कृष्णा आणि कोयना बहिणी म्हणतात, वेण्णाही बहीण. मग संगमापुढे नाव एकट्या कृष्णेचं का?

बहिणी म्हणायला आधार आहे. महाबळेश्वरच्या पंचगंगा देवळात पाच धारा एकत्र दाखवतात : कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री. उगम म्हणजे माहेर, हे त्यामागचं गणित. तिथून वाटा फुटतात. कृष्णा तुमच्या घाटावरून जाते. वेण्णा मेढ्यावरून येऊन साताऱ्याजवळ संगम माहुलीला तिला मिळते. कोयना सह्याद्रीच्या कडेनं सरळ दक्षिणेला उतरते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेसमोर येते. अगदी समोरासमोर, म्हणूनच तो प्रीतिसंगम. दोघी मिळून काटकोनात वळतात. नाव कुणाचं राहायचं हे पाण्यावर ठरलेलं नाही. संगमाच्या वर आणि खाली, दोन्हीकडच्या काठांवर जिला ‘माई’ म्हणत आले तिचं नाव पुढे गेलं. हरिपूरला वारणा मिळते, तिथेही तेच.

सावित्री मात्र त्याच कड्यावरून पश्चिमेला कोकणात उतरते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. ती पुन्हा कृष्णेला भेटत नाही.